तीन मिनिटांचं परमिट

मी एक पातेलं जाळलं. एवढंच. माणसाकडून जळतात पातेली. माझी आई देवरुखला एकदा दूध तापत ठेवून समोरच्या साखरपुड्याला गेली आणि जेवूनच आली. तिला कुणी नोटीस दिली नाही, उलट साखरपुड्यात काय काय होतं ते सगळ्यांनी विचारलं. पण मी पातेलं ओमानमधल्या दुक्ममध्ये जाळलं, प्रोजेक्टच्या कॅम्पमध्ये, आणि इथे जळलेल्या पातेल्याला ‘इन्सिडंट’ म्हणतात. इन्सिडंटला नंबर असतो, फोटो असतात, मूळ कारण असतं. माझ्या इन्सिडंटचं मूळ कारण म्हणून एका चौकटीत ‘कौशिक’ एवढंच लिहिलेलं आहे.

झालं असं. २०१८चा जून, साइटवरून नुकताच आलेलो. फ्रोझन मटारांची पिशवी पातेल्यात रिकामी केली, पाणी घातलं, गॅस लावला आणि फोन घेऊन दारात गेलो, कारण आमच्या केबिनमध्ये रेंज फक्त दारात मिळते, तीही डावा पाय बाहेर असेल तर. पलीकडे माझी बहीण मनाली. तिने पडद्यांचे दोन फोटो पाठवले होते आणि त्यातला कुठला चांगला ते विचारत होती. दोन्ही फोटो एकाच पडद्याचे होते. हे मी तिला पंचवीस मिनिटं समजावलं. तेवढ्यात आत पाणी आटलं, मटारांचे छर्रे झाले, छर्र्यांचा कोळसा झाला आणि धुराचा अलार्म वाजला.

कॅम्पमधला एक अलार्म वाजला की त्या ओळीतले सगळे वाजतात. आमच्या ओळीत बासष्ट माणसं. संध्याकाळी सहाला त्यातली बरीचशी आंघोळीत. नियम असा की असाल तसे असेम्ब्ली पॉइंटला यायचं. आणि दुक्मला जून ते सप्टेंबर वारा वाहत नाही, ढकलतो. बासष्ट माणसं मोकळ्या मैदानात उभी राहिली. अकरा जणांनी दोन्ही हातांनी टॉवेल धरून ठेवले होते. हजेरीला नाव पुकारलं की हात वर करायचा असतो. अकरा जणांनी केला नाही. रजिस्टरमध्ये अकरा माणसं बेपत्ता लागली आणि समोर उभं राहून मला शिव्या देत असतानाही ती रात्रभर बेपत्ताच राहिली, कारण एकदा बंद झालेलं रजिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळीच उघडतं.

सकाळी अकराही जण सापडले आणि आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला सील लागलं.

हे स्वयंपाकघर म्हणजे काय चीज होती ते सांगितलं पाहिजे. आमची केबिन नंबर चौदा. पूर्वी तिथे कुणी कन्सल्टंट साहेब राहायचा. तो गेला, गॅस राहिला. अख्ख्या कॅम्पमध्ये कामगार-कर्मचाऱ्यांकडे असलेलं हे एकमेव स्वयंपाकघर, सहा बाय आठ फूट, आणि ते आमच्या तिघांच्या वाट्याला आलं होतं. एक मी, डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे इंजिनियर लोक कागद लिहितात, मी त्यांना नंबर देतो, पुढे पाठवतो. ते परत येतात, मी पुन्हा नंबर देतो. दुसरा तानाजीदादा, पाटणकडचा, सेफ्टी ऑफिसर. माझ्याविरुद्धचा रिपोर्ट त्यानेच लिहिला. शेजारच्या कॉटवर बसून, मलाच स्पेलिंगं विचारत.

“तू मनाला लावून घेऊ नको लेका,” तो म्हणाला. “मित्र म्हणून मला वाईट वाटतंय. ‘निष्काळजीपणा’ला इंग्लिशमधी काय म्हणत्यात?”

तिसरे जेपी काका. नाव जयप्रकाश, गाव आचरा, वय चौपन्न, वेल्डिंग इन्स्पेक्टर. आणि खरा घोळ इथेच होता. काकांच्या पोटात अल्सर. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत रक्त पडलं तेव्हा कणकवलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की तिखट नाही, तेलकट नाही, मऊ आणि ताजं खायचं, नाहीतर पुन्हा या, पण स्ट्रेचरवरून. कंपनीला यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या स्वयंपाकघरात काका रोज मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेली भाजी असं काहीबाही करायचे आणि त्यावर त्यांचं बरं चाललं होतं. मेसमधल्या डाळीवर मात्र लाल तेलाचा असा तवंग असतो की त्यात तोंड पाहून दाढी करता येईल.

सील लागल्यापासून काका पाव आणि लबनवर होते. लबन म्हणजे इथलं दुकानातलं ताक. सकाळ-संध्याकाळ पाव आणि ताक. एका सकाळी मी उठलो तर ते कॉटवर बसून खिळ्याने कमरेच्या पट्ट्याला भोक पाडत होते.

“काय करताय काका?”

“मॉडिफिकेशन.”

“क्लिनिकला जाऊ या?”

“क्लिनिकला गेलो की अनफिट. अनफिट म्हटलं की घरी.” त्यांनी पट्टा लावून बघितला. “चौदा महिने राहिलेत माझे. धाकटीचं कॉलेज संपेल तोवर. चौदा महिन्यांनी मी माझ्या पायांनी जाईन, कौशिक. तुझ्या पातेल्यापायी नाही जाणार.”

हे ते अजिबात न रागावता म्हणाले. रागावले असते तर मलाही चार शब्द उलट बोलता आले असते. न रागावणाऱ्या माणसापुढे काही चालत नाही.

त्याच दिवशी मी कॅम्प बॉसकडे गेलो. कॅम्प बॉस हुसैनमियाँ, मूळचे दाभोळचे. वीस वर्षं ओमानात, आधी बरक्याला, मग सूरला, आता दुक्मला. कॅम्पमधली प्रत्येक खाट, नळ, बल्ब आणि माणूस त्यांच्या वहीत. माणूस शेवटी.

“स्वयंपाकघर उघडा की हुसैनमियाँ. चूक झाली. पुन्हा नाही होणार.”

“‘पुन्हा नाही’ असं तोंडाने बोलून चालत नाय बाबा. करून दाखव. डेमो दे. पास झालास तर किल्ली तुझी. नापास झालास तर रविवारी सिलिंडर उचलतो आणि तिथं झाडू ठेवतो. मला झाडू ठेवायला जागा नाय.”

“कसला डेमो?”

“जेवण करायचं माझ्यासमोर. ज्याने जाळलं त्यानेच. आणि मटार पायजेत.”

“मटारच का?”

“जळले काय? मटार. उद्या तू मला भेंडी करून दाखवशील, आणि मटारात सुधारलास की नाय ते मला कसं कळणार?”

मी मान डोलावली आणि तानाजीदादाला गाठलं.

मटारांबरोबर काय करायचं ते तानाजीदादाने ठरवलं. त्याचं म्हणणं, धोका वेळेच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा सगळ्यात कमी वेळाचा पदार्थ घ्यावा. दुकानातून नूडल्सची पाकिटं आणली. पाकिटामागे लिहिलं होतं, तीन मिनिटं. तानाजीदादाचे डोळे भरून आले.

“तीन मिनिटांत माणूस काय जाळणार?” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तसा तू जाळशील. पर तरीबी.”

आता आमच्याकडे कुठलंही काम करायचं तर आधी मेथड स्टेटमेंट लागतं, म्हणजे काम कसं करणार त्याची पायरी-पायरीने हकिकत. मग त्यातल्या धोक्यांचा तक्ता. मग प्रत्यक्ष कामाच्या दिवशी परमिट. तीस टनांची टाकी उचलायची असो नाहीतर भिंतीत खिळा मारायचा असो, कागद तेच, फक्त टाकीला थोडे कमी लागतात, कारण टाकी सगळ्यांना माहीत आहे. मटार-नूडल्स याआधी कुणी सादर केलेल्या नव्हत्या. तानाजीदादाने अकरा पानं लिहिली. मी टाईप केली, नंबर दिला, पाठवली.

तीन दिवसांनी परत आली. हुसैनमियाँचे शेरे: मटार धुतलेलं पाणी कुठे सोडणार? नूडल्स जमिनीवर सांडल्यास पाय घसरेल, उपाय लिहा. ‘चवीपुरतं मीठ’ म्हणजे किती ग्रॅम?

आम्ही ग्रॅम लिहिले. पुन्हा पाठवली. पुन्हा आली: मटारांची संख्या?

“संख्या कशाला लागते त्यांना?” मी तानाजीदादावर ओरडलो.

“टाकले किती अन् निघाले किती हे जुळाय नको? उद्या एखादा बर्नरमधी पडला तर?”

मी एका पेल्यात मावणारे मटार मोजले. एकशे ब्याऐंशी. मी पदवीधर आहे. काका समोर बसून ताकात पाव बुडवत होते आणि मी मोजताना चुकलो की, “एकशे चाळीसपर्यंत आला होतास,” असं सांगत होते.

तिसऱ्या वेळी कागद मंजूर झाला, शिक्का बसला. शुक्रवारी साडेदहाला डेमो.

शुक्रवारी हुसैनमियाँ इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून आले, त्यावर पिवळं सेफ्टी जॅकेट, कारण आमच्याकडून निघून त्यांना थेट जुम्म्याच्या नमाजला जायचं होतं. हातात स्टॉपवॉच.

“बाराच्या आत खलास करा,” ते म्हणाले. “नूडल्सला काय लागतंय, पोरं करतात.”

सहा बाय आठच्या खोलीत काकांसकट हेल्मेट घातलेली चार माणसं. कुणीही मान वळवली की दोन हेल्मेटं एकमेकांवर आपटायची. मला गॉगल, आणि हातात काकांचे वेल्डिंगचे चामडी ग्लोव्ह्ज. काम सुरू करण्याआधी तानाजीदादाने नियमाप्रमाणे सूचना दिल्या.

“आज आपण मटार-नूडल्स करणार आहोत. धोके कुठले? कौशिक, सांग.”

“मी.”

“त्याशिवाय?”

“गॅस, उकळतं पाणी, सुरी.”

“सुरी कशापायी?”

“पाकीट फोडायला.”

“पाकीट हाताने फोडायचं लिवलंय.”

वेल्डिंगच्या ग्लोव्ह्जनी नूडल्सचं पाकीट फुटत नाही. हे मी आता अनुभवाने सांगू शकतो. बारा मिनिटांनी ते फुटलं तेव्हा पाकिटाबरोबर नूडल्सही फुटल्या आणि त्यांचा साधारण रवा झाला.

दहा बावन्नला परमिटवर सही झाली. मी गॅस लावला. हुसैनमियाँनी स्टॉपवॉच दाबलं.

“टाक,” तानाजीदादा म्हणाला.

“काय टाक? पाणी गार आहे. नूडल्स उकळत्या पाण्यात टाकतात.”

“स्टेप सहा. परमिट चालू झाल्यापासून एका मिनिटात नूडल्स आणि मटार टाकणे. तूच टाईप केलंस.”

ते खरं होतं. पण डॉक्युमेंट कंट्रोलर वाचत नसतो, नंबर देतो. तानाजीदादाने लिहिलं होतं, मी टाईप केलं होतं, हुसैनमियाँनी तीनदा तपासून शिक्का मारला होता, आणि पाणी उकळायला वेळ लागतो हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. कागदावर पाणी ताबडतोब उकळतं. मी गार पाण्यात नूडल्स टाकल्या. वर फ्रीजरमधले एकशे ब्याऐंशी मटार टाकले. पाणी आणखी गार झालं.

“टाइम!” हुसैनमियाँ म्हणाले. “बंद कर.”

“अहो, अजून कोमटसुद्धा—”

“परमिट तीन मिनिटांचं. तीन मिनिटं झाली. आता ही आग बेकायदा आहे.”

मी गॅस बंद केला. तानाजीदादाचा चेहरा पांढराफटक पडला. परमिटवर मुदत त्यानेच भरली होती, पाकिटामागून बघून.

“दुसरं परमिट काढू,” मी म्हटलं.

“नव्याला चोवीस तास आधी अर्ज लागतो,” तो पुटपुटला. “मुदतवाढ मिळंल.”

“मग अर्ध्या तासाची घे!”

“मूळ मुदतीपेक्षा जास्त वाढ देता येत नाय,” हुसैनमियाँ म्हणाले. “तीन मिनिटं घे. कितीबी वेळा घे. मी नाय कुठे म्हणतोय?”

आणि मग ते सुरू झालं. मुदतवाढीचा अर्ज भरायचा. तानाजीदादाची सही, माझी सही, हुसैनमियाँची सही. माझ्या हातात चामडी ग्लोव्ह्ज, त्यात पेन राहत नाही. ग्लोव्ह्ज काढायचे तर ते काढले आणि पुन्हा घातले अशी वेगळी नोंद. गॅसजवळ गळती तपासायची. या सगळ्याला चार मिनिटं. मग तीन मिनिटं गॅस. मग चार मिनिटं सह्या. पाणी तीन मिनिटं तापायचं आणि चार मिनिटं निवायचं. मी मनात गणित मांडलं. आम्ही असेच चालू राहिलो असतो तर माझं कंत्राट संपेपर्यंत ते पाणी कोमट राहिलं असतं.

चौथ्या मुदतवाढीनंतर मी पातेल्यात डोकावलो. नूडल्स कोमट पाण्यात फुगून बोटाएवढ्या झाल्या होत्या. मटार होते तसेच होते. गोळीबाराला वापरता आले असते.

“हुसैनमियाँ,” मी म्हटलं, आणि माझा आवाज चढत गेला तो मला थांबवता आला नाही, “जगात कुठल्याही देशात, कुठल्याही धर्मात, पाणी हप्त्याहप्त्याने उकळत नाही! मला फक्त दहा मिनिटं सलग द्या! मी हेल्मेट घालून मटार मोजले! मला अजून काय मोजायला लावणार आहात? मी शेवया मोजू?”

“गॅसजवळ ओरडायचं नाय,” हुसैनमियाँ शांतपणे म्हणाले आणि घड्याळ बघितलं. “अकरा चोवीस. मला निघायचंय बाबा. नाय झालं तर नाय झालं असं लिहितो. त्यात लाज कसली?”

मी काकांकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, खोली सहा बाय आठची होती. माझ्या कोपराला त्यांची बरगडी लागत होती, आणि ती जरा जास्तच लागत होती.

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात आला, फळीवरचं झाकण उचललं आणि पातेल्यावर ठेवलं.

“काका,” तानाजीदादा घाबरून म्हणाला, “झाकण आपल्या स्टेपमधी नाय.”

“मग तुमच्या स्टेप चुकल्यात,” जेपी काका म्हणाले. “तीस वर्षं वेल्ड तपासतोय. तापलेलं निवू द्यायचं नसेल तर झाकतात. पाइपाला गोधडी गुंडाळतात, पातेल्याला झाकण. ह्याला कागद लागत नाही.”

सगळे हुसैनमियाँकडे बघायला लागले. त्यांनी झाकणाकडे बघितलं. मग तानाजीदादाला विचारलं, “सेफ्टी, झाकणाने आग लागते?”

“नाय. उलट विझती.”

“मग ते वर्क नाय. परमिट कशाला पायजे? सह्या करा, सह्या करा. यल्ला, चला लवकर.”

त्यानंतर पाणी चार मिनिटांच्या सह्यांत तितकंसं निवेना. पाचवी वाढ. सहावी वाढ, झाकण हलायला लागलं आणि हुसैनमियाँ म्हणाले, “टाइम!” त्यांच्याही आवाजात आता थोडं दुःख होतं. तानाजीदादाने सातवा अर्ज इतक्या घाईत भरला की कामाच्या वर्णनात त्याने ‘मटार-नूडल्स’ऐवजी ‘मटार’ आणि पुढे नुसती रेघ ओढली. अकरा त्रेचाळीसला पाणी उकळलं. खदखदून उकळलं. चार मोठी माणसं एका पातेल्याभोवती हेल्मेटाला हेल्मेट लावून उभी होती आणि बुडबुडे बघत होती. तानाजीदादाने माझा हात धरला होता. त्याला ते माहीत नव्हतं.

पदार्थ म्हणाल तर त्याचं वर्णन अवघड आहे. नूडल्स एकमेकींत विरघळून त्यांचं खिमट झालं होतं, लहान बाळाला भरवतात तसं, आणि त्यात हिरवे मटार. पाकिटातला तिखट मसाला मी टाकला नाही, तो आमच्या कागदात मुद्दाम ठेवला नव्हता. मीठ पाच ग्रॅम, एक चमचा तूप, चिमूटभर जिरेपूड. बस. वास मात्र घरचा आला. कुणाच्याही घरचा.

शेवटची पायरी चाचणी. हुसैनमियाँनी चमचाभर खाल्लं, विचार केला, लिहिलं. “मीठ कमी.” आणखी एक चमचा खाल्ला. “मटार शिजलाय.” हे त्यांनी दोनदा अधोरेखित केलं.

काकांना मी वाटी भरून दिली. त्यांनी हेल्मेट काढलं, दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले आणि खायला लागले. फुंकर मारत, हळूहळू. तीन आठवड्यांनंतर माणसाच्या पोटात काहीतरी गरम जात होतं. वाटी संपली तेव्हा त्यांनी ती बोटाने पुसून घेतली आणि पातेल्याकडे बघितलं. मी पुन्हा भरली. हुसैनमियाँचं पेन थांबलं होतं.

“जेपी,” ते म्हणाले, “तुम्ही मेसला येत नाय. माझ्या वहीत दिसतं. तीन आठवडे झाले, तुमच्या नावावर एक ताट नाय. का?”

तानाजीदादाने छताकडे बघितलं. सेफ्टी ऑफिसरला खोटं बोलता येत नाही, म्हणून तो अशा वेळी छत तपासतो. हुसैनमियाँनाही खोटं बोलता येत नाही; कुणी आजारी असल्याचं कळलं तर त्यांनी क्लिनिकला कळवायचं, हा नियम.

काकांनी घास गिळला. “मेसमध्ये गर्दी फार असते,” ते म्हणाले.

हुसैनमियाँ त्यांच्याकडे बघत राहिले. गालांकडे, मग पट्ट्याकडे, पट्ट्याच्या त्या नव्या भोकाकडे. बाहेर वाऱ्याने कुणाचीतरी बादली गडगडत गेली. मग त्यांनी फॉर्म भिंतीला लावला आणि भराभर लिहायला लागले.

“गर्दी असते खरी,” ते म्हणाले. “कितीदा सांगितलं मी वर, टेबलं वाढवा.” सही केली, शिक्का मारला, किल्ली माझ्या ग्लोव्हमध्ये टाकली आणि कुर्ता सावरत वाऱ्यातून जवळजवळ पळतच नमाजला गेले.

आम्ही तिघं नाचलो नाही, कारण जागा नव्हती. पण हेल्मेटं बरीच आपटली.

फॉर्म मी संध्याकाळी वाचला. आता वाचायची सवय लावून घ्यायची ठरवलं होतं. त्यावर लिहिलं होतं: ‘शेऱ्यांसह मंजूर. शेरा एक: परमिटची मुदत यापुढे तीस मिनिटं. शेरा दोन: झाकण वापरावे. शेरा तीन: मंजुरी फक्त सादर केलेल्या कामापुरती, म्हणजे मटार-नूडल्स. काम करणारी व्यक्ती: कौशिक. बदल चालणार नाही.’

मी ते तानाजीदादाला दाखवलं.

“बरोबरच हाय,” तो म्हणाला. “मेथड स्टेटमेंट त्याचंच होतं.”

“म्हणजे भात नाही करता येणार?”

“भाताचं वेगळं सादर कर.”

मी सादर केलं. वरण-भात, नऊ पानं, शपथेवर सांगतो वाचून पाठवली. नामंजूर होऊन आली. कुकर हे दाबाखाली चालणारं भांडं असल्याने त्याचं त्रयस्थ संस्थेकडून दाबचाचणी प्रमाणपत्र जोडावं. मी उघड्या पातेल्यातल्या खिचडीचं पाठवलं. त्यावर विचारलं होतं, तांदळाच्या दाण्यांची संख्या? मी हुसैनमियाँना गाठलं. ते म्हणाले, “वरून ऑडिट येतंय बाबा, आता माझ्या हातात नाय. जे मंजूर आहे ते सुखाने खा.”

तर आता आमच्या स्वयंपाकघरात कायद्याने एकच पदार्थ होतो आणि तो कायद्याने मीच करू शकतो. जेपी काका, ज्यांच्या हातचं मुगाचं वरण मी एकदा पातेलं पुसून खाल्लं होतं, त्यांनी गॅसला हात लावला तर तो इन्सिडंट. रोज संध्याकाळी सातला मी हेल्मेट, गॉगल, ग्लोव्ह्ज घालतो, एकशे ब्याऐंशी मटार मोजतो आणि नूडल्स करतो. आता उकळत्या पाण्यात टाकायला हरकत नाही, मुदत भरपूर आहे. पण एकदा मी तशा केल्या तर काका म्हणाले, “त्या दिवशीच्यासारख्या मऊ नाही झाल्या. पोटाला टोचतात.” तेव्हापासून मी त्या गार पाण्यात टाकतो. मुद्दाम. डोळ्यांदेखत बिघडवतो.

सव्वीस दिवस मीही तेच खाल्लं, सोबत म्हणून. सत्ताविसाव्या दिवशी मला एका सप्लायरच्या पत्रावरचा हिरवा शिक्का बघून उलटी आली. तेव्हापासून काकांची वाटी भरून दिली की मी मेसमध्ये जातो. ती लाल डाळ मी वाटीने पितो. डोळ्यांतून पाणी येतं. लोकांना वाटतं तिखटाने.

काका मात्र टुणटुणीत झालेत. परवा त्यांनी एकाच शिफ्टमध्ये एकोणतीस वेल्ड नापास केले आणि फोरमनशी भांडून आले. आले ते थेट चौकटीला टेकून उभे राहिले, वाटी घेतली, फुंकर मारली, खाल्लं. मग अगदी मनापासून विचारलं, जसं काही आठवडाभराचा बेत ठरायचा बाकी आहे:

“कौशिक, उद्या काय करतोयस?”

पहिले काही दिवस मी या प्रश्नावर चिडायचो. भांडं आपटायचो. त्यांना फॉर्म काढून शेरा तीन वाचून दाखवायचो. काका शांतपणे ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे.

“मटार-नूडल्स म्हणत होतो, काका,” मी गॉगल काढत म्हटलं. “तुम्हाला चालतील ना?”

त्यांनी जरा विचार केला. खरंच केला.

“चालतील,” ते म्हणाले. “पण रोज नको करूस हं. माणसाला कंटाळा येतो.”